साखरेच्या चपला

सरकारनं मला जिंदगीत दोन गोष्टी फुकट दिल्या. आधी चपलांचा जोड दिला, मग पाय कापून दिला. लोक विचारतात, पाय कशानं गेला? मी सांगते, मुलाच्या लग्नात गेला. त्यांना वाटतं बाई चेष्टा करते. चेष्टा कसली डोंबलाची! जे झालं ते सांगते. आता कुणाला भ्यायचं? भिऊन पळायचं म्हणलं तरी आधी कुबडी शोधावी लागते.

आमचं गाव जिंतूर तालुक्यातलं, येलदरीच्या बाजूला. कापूस, सोयाबीन, मधी दोन ओळी तुरीच्या. मालक बोलायला कमी आणि ऐकायला त्याहून कमी. दोन्ही पोरी दिलेल्या, पाठचा मुलगा एकच. मला साखर लागल्याचं कळलं ते तपासणीची गाडी गावात आली तेव्हा. मधुमेह आमच्याकडं कुणी म्हणत नाही. साखर लागली म्हणतात, जसं काही वाण्याकडून जास्तीची बांधून मिळाली. त्या गाडीतल्या लोकांनी बोटाला टोचलं, थेंब घेतला, फोटो काढला आणि गाडी गेली. मग कधी पंधरवडा, कधी सप्ताह, कधी मोहीम. दरवेळी तेच बोट आणि तोच फोटो. माझी साखर सरकारनं जितक्या वेळा मोजली तितक्या वेळा मालकांनी कापूससुद्धा मोजला नसेल. आणि गोळ्या मागायला गेलं की उपकेंद्रातली सिस्टर म्हणायची, "मावशी, तपासणीचा निधी हाय, गोळ्यांचा आला न्हाई. जिंतूरला जाऊन बघा." जिंतूरला गेलं की तिथले म्हणायचे, कालपर्यंत होत्या. दुखणं हाल्याला अन् डाग पखालीला, असं चाललं होतं.

पायाला आधी मुंग्या यायच्या. मग मुंग्याही गेल्या. मला वाटलं बरं झालं, एक कटकट मिटली. जिंतूरच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी माझी टाच हातात घेतली, चिमटा मागितला आणि बाभळीचा काटा ओढून काढला. बोटाच्या पेराएवढा. मी म्हणलं, "हा कुणाचा?" त्या म्हणाल्या, "तुमच्याच पायातला, मावशी. किती दिवस घेऊन फिरताय?" काटा माझा, पाय माझा, आणि दोघांची ओळखच नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्या पायाला आता दुखणं कळत नाही. तुम्हाला मऊ तळाच्या चपला पाहिजेत, घरातसुद्धा. एक जखम झाली आणि चिघळली तर पाय जाईल." हे त्या हसून नाही बोलल्या. त्या दिवशी मी घाबरले ते खरंखुरं घाबरले.

पुढं काही दिवसांनी गावातच चपला वाटायचा कार्यक्रम झाला. ग्रामपंचायतीसमोर मंडप, खुर्च्या, हार, मोठा फलक, मधुमेहींच्या पायांची काळजी की असंच काहीतरी. एक साहेब लय वेळ बोलले. म्हणाले, शासन आज तुमच्या पायाशी आलंय. टाळ्या झाल्या. मग आम्हा साखरवाल्यांची नावं पुकारली आणि एकेकाच्या हातात चपला दिल्या. काळ्या, जाड, मऊ तळाच्या, मागून पट्टा असलेल्या. पहिला जोड पिशवीतून बाहेर निघाला आणि सगळा मंडप चिडीचूप झाला. साहेबांना वाटलं, लोक भारावले.

भारावले कशाचे! त्या चपला गावानं ओळखल्या. आमच्या गावाच्या कडेला एक म्हातारा राहायचा. त्याला तरुणपणी तो रोग झाला होता, ज्याचं नाव आमच्याकडं तोंडानं घेत नाहीत, बोटं वाकडी करून दाखवतात. सरकारच्या गोळ्यांनी तो कधीच बरा झालेला. बोटं तेवढी वाकडी राहिली. तो बरा झाला पण गाव काही बरं झालं नाही. त्याला पाणी वरूनच वाढायचे, त्याच्या ओट्यावर कुणी टेकायचं नाही. आणि त्याच्या पायात वर्षानुवर्षं ह्याच चपला, दवाखान्यातून मिळालेल्या. पोरासोरांनासुद्धा ठाऊक, ह्या कसल्या चपला.

जिंतूरच्या त्या डॉक्टरीणबाईही आल्या होत्या, त्यांना मी बाजूला गाठलं. म्हणलं, बाई, ह्या तर त्या चपला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, साखरेच्या चपलांचा निधी अजून आलेला नाही. कधी येईल माहीत नाही. दुसऱ्या कार्यक्रमातल्या शिल्लक पडल्या होत्या, त्या मागून घेतल्या. पाय बधिर तो बधिर, रोग कुठलाही असो. ह्याच लागतात." बाईंचं काही चुकलं नव्हतं. पण आमच्या गावाला औषधातलं कळत नाही, चपलेतलं बरोबर कळतं.

ज्यांना मिळाल्या त्यांनी त्या पिशवीत घालून घरी नेल्या आणि पुन्हा कुणाच्या पायात दिसल्या नाहीत. एकानं तळ कापून विहिरीवरच्या मोटारीखाली पॅकिंग म्हणून लावला. एक निवृत्त गुरुजी होते, ते परभणीला मुलाकडं जाताना घेऊन जायचे आणि तिथं घालून फिरायचे. म्हणायचे, तिथं आपल्याला कोण ओळखतंय. एकीनं तर रात्र पडायच्या आत उकिरड्यावर फेकल्या. घातल्या त्या फक्त मी. माझा स्वभाव असा की मला कुणी नको म्हणलं की मी मुद्दाम करणार, आणि शिवाय तो काटा माझ्या डोळ्यासमोरून हलत नव्हता.

मग गावानं गाव दाखवलं. मी पिठाच्या गिरणीत उभी राहिले की पुढची बाई आपला डबा सरकवून घ्यायची. हळदीकुंकवाला गेले तर घरची म्हणाली, "तुमी हितं दाराजवळच बसा वैनी, वारं येतंय." वारं! घरात पंखा गरागरा फिरत होता. मी मोठ्यानं म्हणायची, "अगं, मला साखर हाय, साखर! तुझ्या सासऱ्याला हाय तीच!" त्या मान डोलवायच्या, "हो हो, साखरच हो," आणि एकमेकींकडं बघायच्या. एक दिवस त्या म्हाताऱ्याच्या ओट्यासमोरून चालले होते. त्यानं आधी माझ्या पायाकडं बघितलं, मग तोंडाकडं. म्हणाला, "सूनबाई, तुला बी आलं का बोलावणं? ये, बस. या वट्ट्यावर लय जागा हाय, कुणी बसतच न्हाई." आणि खो खो हसला. मला राग आला, आणि मी बसलेही. दोघं बराच वेळ बसलो.

आता मुलाचं. मुलगा पस्तिशीला आलेला. शेती करतो, दारू पीत नाही, दिसायला चांगला. पण हल्ली शेतकऱ्याच्या पोराला मुलगी कोण देतंय? शेत पाहिजे पण शेतात राबणारा नवरा नको, असं मुलीवाल्यांचं. त्याच्याबरोबरच्या पोरांची लग्नं होऊन लेकरं शाळेत जायला लागली, आणि हा दर लग्नसराईत नवा शर्ट शिवायचा. शेवटी माझ्या थोरल्या नणंदेनं, आम्ही त्यांना आक्का म्हणतो, चुडाव्याकडची एक मुलगी आणली. बारावी झालेली, घर सरळ, मागणं फार नाही. आक्का म्हणाल्या, "पाव्हणे ऐतवारी बघायला येतेत. घर बघतील, शेत बघतील. समदं नीट करून ठेवा." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आणि तू त्या चपला काढून ठेव."

मी म्हणलं, काढणार नाही. डॉक्टरनं सांगितलंय.

"डॉक्टर तुझ्या पोराला पोरगी देनार हाय का?"

"आक्का, पाव्हण्यांना सांगा की साखर हाय म्हणून. त्यांच्याबी घरात कुणाला तरी असंलच की."

"सांगून कुणाला पटलंय आजपतोर? गावाला पटलं का? मग त्यांना कसं पटंल? पोरगी देणारा माणूस कारण शोधतच असतो. आपण हातात द्यायचं व्हय?"

मालक ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. ते काही बोलले नाहीत. ते काही बोलले नाहीत याचा अर्थ आमच्या घरात आक्कांचं खरं असा असतो.

मग मुलगा आला. माझ्यासमोर उकिडवा बसला. हाच मला गोळ्या आणायला जिंतूरला जायचा, हे सांगितलं पाहिजे. वाईट नव्हता तो. म्हणाला, "माय, तुला पाय पायजे का सून?"

मी म्हणलं, "दोन्ही."

तो म्हणाला, "दोन्ही न्हाई मिळत आजकाल."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तरी त्यानं ते वाक्य आधीपासून ठरवून आणलं होतं, हे मला आईला कळलं. चपला आक्कांनी उचलल्या आणि कुठं ठेवल्या देव जाणे. मला आक्कांच्याच पातळ पट्ट्याच्या स्लिपरा मिळाल्या, टाच बाहेर राहील एवढ्या लहान.

पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. बायका म्हणाल्या, शेत बघू या. तर मी यजमानीण, मी पुढं. कापूस वेचून उलंगलेला, पळाट्या कापलेल्या, रानभर त्यांचे तिरपे खुंट उभे. मी रानातून त्यांना दाखवत चालले, ही आमची विहीर, हे तुमच्या मुलीला भाजीपाल्याला रान. मला आठवतंय मी लय चांगलं बोलत होते. मुलीच्या आईला मी आवडले. ती म्हणाली, "तुमी लय मोकळ्या हायत बाई." घरी येऊन पाहुणे निघून गेले, मी स्लिपर काढली तर आत रक्ताचं थारोळं. पळाटीचा खुंट तळव्यात घुसून आतच मोडला होता. मी सगळं रान त्यावर चालून आले होते आणि मला काहीसुद्धा कळलं नव्हतं.

आक्कांनी तो तुकडा सुईनं काढला, हळद दाबली. म्हणाल्या, "एवढुसं तर हाय." जमलं, कुंकू लागलं, तारीख निघाली. एवढुसं होतं ते वाढत गेलं.

उपकेंद्रात सिस्टरनं बघितलं आणि नाकाला पदर लावला. म्हणाली, "मावशी, हे रोज धुऊन पट्टी करावी लागंल. माझ्याकडं गॉज न्हाई, मलम न्हाई. बाहेरून आणा." मुलानं एकदा आणलं. मग पत्रिका, कपडे, मांडव, बँड. दुसऱ्यांदा आणायचं राहिलं. तिसऱ्यांदाची गोष्टच नाही. आक्का माझ्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधायच्या. मी चपला मागितल्या तर म्हणायच्या, "लग्न होऊ दे. मग घालून नाच."

एके दिवशी मीच ठरवलं. पिशवी घेतली, चिंधी बांधलेला पाय ओढत फाट्यावर गेले, परभणीची एसटी धरायला. एसटीच्या आधी मालक आले मोटारसायकलवर. "लोक बघायलेत, बस गाडीवर." मी म्हणलं, बसणार नाही. हाताला धरलं त्यांनी. मग मीही तिथं, पानटपरीवरच्या सगळ्यांसमोर, ओरडले, "अरे, मला साखर हाय! माझा पाय सडायलाय! मला दवाखान्यात जाऊ द्या!" सगळे माझ्या पायाकडं बघायला लागले, तोंडाकडं कुणी नाही. मालक त्यांना म्हणाले, "लग्नाच्या गडबडीत डोकं फिरलंय." दोघं-तिघं हसले. ज्यांना त्यांच्या लहानपणी मी भाकरी खाऊ घातली होती त्यातला एक त्यात होता. मालकांनी मला गाडीवर बसवलं. एसटी आली ती आम्हाला ओलांडून पुढं गेली.

लग्न मुलीकडं, चुडाव्याजवळ. आमच्यात मुलीची आई वरमाईचे पाय धुते, ताटात घेऊन, सगळ्या बायकांच्या मधोमध. आक्कांना त्याचीच काळजी. पाय तर लपवता येणार नाही. मग त्यांनी युक्ती काढली. हळदीचा घट्ट लगदा केला आणि माझे दोन्ही पाय घोट्यापर्यंत थापून काढले, भिंतीला गिलावा करतात तसे. भोक बुजलं. "वरमाईचे पाय हळदीचेच असतेत," त्या म्हणाल्या, "कोण बघतंय?" वासासाठी वरून अत्तर शिंपडलं. मला त्या वेळी त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. पण मांडवात नवरदेव माझा मुलगा होता, शेरवानी घालून, इतक्या वर्षांनी. तो माझ्याकडं बघून हसला आणि मी पाय ताटात ठेवला.

विहीणबाई चांगली होती, मन लावून धूत होती. कोमट पाणी तांब्यानं घालत होती, अंगठ्यानं तळवा चोळत होती. हळद निघत गेली. आणि तिचा अंगठा आत गेला. मला पायाला काही कळलं नाही, मला तिच्या तोंडाकडं बघून कळलं. तिचा हात तिथंच थांबला. ताटातलं पाणी पिवळं होतं, त्यात दुसराच रंग उतरायला लागला. तिनं वर माझ्याकडं बघितलं. भोवती बायका गाणं म्हणत होत्या. आक्का पटकन म्हणाल्या, "खडा टोचलाय हो, कालच." विहीणबाईनं पाय पुसला, कुंकू लावलं, नवं लुगडं दिलं, सगळं केलं. उठली आणि गेली. थोड्या वेळानं मी मांडवाच्या मागं बघितलं, पाण्याच्या टाकीपाशी ती कपड्याच्या साबणानं हात धूत होती. कोपरापर्यंत. धुवायची, वास घ्यायची, परत धुवायची.

आमच्याच आळीतली एक बाई वऱ्हाडात आलेली. ती तिला तांब्यानं पाणी घालत होती आणि बोलत होती. काय बोलत होती ते मला लांबून ऐकू आलं नाही. पण बोलता बोलता तिनं एकदा खाली आपल्या चपलेकडं बोट केलं, तेव्हा मला कळायचं राहिलं नाही.

सून घरी आली. चार दिवस राहिली. माझ्याशी वाईट वागली नाही, पण मी दिलेला चहा बशीत तसाच राहायचा. मग मांडवपरतणीला माहेरी गेली. लग्नानंतर मुलगी तशी जातेच आणि जावई आणायला जातो. मुलगा आणायला गेला तर सासऱ्यानं दारातच सांगितलं, "आधी तुमच्या आईला काय झालंय ते आमाला कळू द्या. आमची पोरगी त्या रोगात न्हाई लोटणार आमी." मुलगा रिकामा परत आला. जेवायला वाढलं तर ताट भिरकावलं. भिंतीला वरण. मला म्हणाला, "तुला त्या चपला घालायची काय गरज होती गावभर? सगळ्यांनी टाकल्या, तुझंच काय मोठं होतं?" मी म्हणलं, "माझा पाय होता." तो म्हणाला, "मग कुठं हाय?" आणि उठून गेला. खोटं नव्हतं. बोटं काळी पडलेली होती तोपर्यंत. घरात मी बसायची त्या खोलीत कुणी जेवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आक्का आल्या आणि म्हणाल्या, चला परभणीला. इतके दिवस जीप मिळत नव्हती, त्या दिवशी तासात मिळाली. मालक, मुलगा, आक्का, सगळे आत. मला वाटलं, आली शुद्धीवर माणसं. वाटेत आक्का मालकांना म्हणाल्या, "डॉक्टरच्या तोंडून एकदा कळू दे, म्हंजी फोन करता येतो." तेव्हा उमगलं की जीप कुणासाठी केलीय.

मोठ्या दवाखान्यात एका पोक्त डॉक्टरनं चिंधी सोडली आणि मागं सरला. मग मालकांवर ओरडला, "एवढे दिवस काय करत होता? महिन्यापूर्वी आणलं असतं तर एखाद्या बोटावर भागलं असतं. आता गुडघ्याखालून काढावा लागेल, नाहीतर बाई जाईल." मालक योजनेच्या टेबलावरच्या माणसाकडं गेले, कागदपत्रं घेऊन. तो म्हणाला, पाय राखायचा असता तर इंजेक्शन, रोजची मलमपट्टी, सगळं बाहेरून आणावं लागलं असतं, त्याला निधी नाही. "कापायचं ठरलं तर बसतंय योजनेत. एक पैसा लागत न्हाई." मालक परत आले. त्यांचा चेहरा जरा हलका झाला होता. म्हणाले, "कापायला फुकट हाय म्हणतेत." जन्मभर हा माणूस बोलला नाही, आणि बोलला तर हे.

गोळीला नाही, चपलेला नाही, पट्टीला नाही. करवतीला आहे. मी हसले. डॉक्टरला वाटलं ताप डोक्यात गेला.

आक्का मधीच पुढं झाल्या. डॉक्टरला म्हणाल्या, "साहेब, हे साखरेनंच झालंय ना? दुसरं काही न्हाई ना? तो रोग तर न्हाई?"

"कसला रोग? साखर आहे बाई, साखर! सगळे रिपोर्ट साखरेचे आहेत."

"नक्की?"

"अहो पाय कापायला निघालोय, आता आणखी काय सांगू?"

आक्कांनी तिथंच, माझ्या उशाशी, वर बघून हात जोडले. "देव पावला," म्हणाल्या.

पाय गेला. शुद्धीवर आले तेव्हा दुपार होती. वॉर्डात शेजारच्या खाटेवरची बाई डाळिंब सोलत होती. चादर एका बाजूला उंच होती आणि एका बाजूला सपाट. गंमत बघा, इतके दिवस त्या पायाला काही कळत नव्हतं आणि आता तो नव्हता तर बोटं ठणकायला लागली. मी कण्हले. कुणी बघितलं नाही, कारण आक्का खिडकीशी उभ्या राहून फोनवर बोलत होत्या. मोठ्यानं, साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं.

"हॅलो, इहीनबाई? हां, मी बोलते. झालं की हो ऑपरेशन. कापला, गुडघ्याच्या खालून. हो, कापलाच! आता तुमीच सांगा, तो रोग असता तर असा कापला असता का? साखरच होती हो, मी म्हणत न्हवते? डॉक्टरनं समद्यासमोर सांगितलं. हवं तर या, डोळ्यानं बघून जा. न्हाई न्हाई, आता काय शंका?" मग तिकडचं ऐकत राहिल्या. ऐकता ऐकता त्यांचं तोंड उजळत गेलं. हात हलवून त्यांनी माझ्या मुलाला जवळ बोलावलं आणि फोन त्याच्या कानाला लावला.

तो सासऱ्याला "हां मामा, हां" म्हणत होता. आधी त्याची मान खाली होती. मग त्यानं मान वर केली, आणि मला त्याचं तोंड दिसलं. तो हसू दाबत होता. दाबता येत नव्हतं त्याला. लहानपणी जत्रेत पाळण्यात बसवलं की तोंडभर हसायचा, तसा हसला पोटचा पोरगा, माझ्या सपाट चादरीच्या शेजारी उभा राहून. इतक्या महिन्यांत मी त्याला असं खूश बघितलं नव्हतं. मांडवातसुद्धा नाही.

फोन ठेवून तो माझ्यापाशी आला. म्हणाला, "माय, पाठवतो म्हणले. उद्याच या म्हणले न्यायला."

मला वाटलं, आता हा काहीतरी विचारेल. दुखतंय का, पाणी देऊ का. तो घड्याळाकडं बघत होता. म्हणाला, "सकाळचीबी गाडी हाय. पण मी आत्ताच निघू का?"

मी म्हणलं, "नीघ."

त्यानं पिशवी उचलली, माझ्या पाया पडायला वाकला, सवयीनं, आणि हात मधीच थांबवला. मग उरलेल्या पायाला हात लावून गेला.